एका चमकेची किंमत

डिसेंबर 1927 मध्ये जेम्स चॅडविक केंब्रिजहून व्हिएन्नाला गेले. तिथल्या रेडियम संशोधन संस्थेत हान्स पेटरसन आणि गेरहार्ड किर्श हे दोघं काही वर्षांपासून दावा करत होते की, अल्फा कणांचा मारा केला की जवळजवळ सगळी हलकी मूलद्रव्यं फुटतात. केंब्रिजमध्ये रदरफोर्ड आणि चॅडविक यांनी तेच करून पाहिलं, तर त्यातली काही फुटत, काही ढिम्म राहत. दोन्हीकडची उपकरणं सारख्याच जातीची. झिंक सल्फाइडचा लेप दिलेला पडदा, कण आदळला की त्यावर उमटणारी बारीकशी चमक, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या चमका मोजणारं माणूस. अंधारात बराच वेळ बसून डोळे सरावले की मग मोजणी सुरू व्हायची.

व्हिएन्नात हे काम प्रामुख्यानं तरुण मुली करत. चॅडविकनी त्यांना बसवलं, पण समोर नेमकं काय ठेवलंय, कुठे चमका जास्त दिसायला हव्यात आणि कुठे मुळीच नाही, हे सांगितलं नाही. अशा मोजणीत व्हिएन्नाचे आकडे निमूटपणे केंब्रिजच्या आकड्यांशी जुळले. मुली खोटं बोलत नव्हत्या. काय दिसणं अपेक्षित आहे हे त्यांना आधी ठाऊक असायचं, एवढाच दोष. प्रकरणाचा गाजावाजा कुणी केला नाही. पण डोळ्यांनी चमका मोजण्याच्या पद्धतीवरचा विश्वास तिथून उडत गेला.

अशीच एक तक्रार त्यानंतर सत्तर वर्षांनी पुन्हा उभी राहिली. या वेळी डोळा माणसाचा नव्हता, आणि भांडण होतं विश्वातल्या बहुतांश पदार्थाविषयी. मोजलेल्या चमकेवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न मात्र तोच.

मधल्या काळात डोळ्याची जागा फोटोमल्टिप्लायर नळीनं घेतली. काचेच्या या नळीवर प्रकाशाचा एक कण पडला तरी त्यातून इलेक्ट्रॉनांचा लोंढा निघतो आणि तारेतून मोजता येईल असा विद्युतस्पंद मिळतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर बर्लिनमध्ये हार्टमुट कालमन यांनी या नळीसमोर नॅफ्थलीन, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचाच पदार्थ, ठेवून किरणोत्सार मोजून दाखवला. मग 1948 साली प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी सोडियम आयोडाइडमध्ये चिमूटभर थॅलियम घालून ते क्वार्ट्‌झच्या नळीत वितळवलं आणि स्फटिक गोठू दिला. या क्षाराएवढा तेजस्वी पदार्थ तोवर कुणाच्या हाती लागला नव्हता. हॉफस्टॅटरना 1961 साली नोबेल मिळालं ते वेगळ्याच कामासाठी, इलेक्ट्रॉनांच्या विकिरणासाठी. पण रुग्णालयातला गॅमा कॅमेरा असो की खनिजाच्या शोधात फिरणारा भूवैज्ञानिक, सगळ्यांच्या हातात पोचला तो हा निळसर चमकणारा स्फटिक.

या स्फटिकाचे दोन गुण इथे महत्त्वाचे आहेत. तो मिठाचा सख्खा नातलग असल्यानं हवेतला ओलावा शोषून घेतो आणि खराब होतो, त्यामुळे त्याला कायम हवाबंद धातूच्या आवरणात ठेवावं लागतं. आणि त्यात शिरलेल्या कणानं जितकी ऊर्जा सोडली, साधारण त्या प्रमाणात तो प्रकाश देतो. ‘साधारण’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. पुढची सगळी कथा त्याच्यावरच फिरते.

कोमा दीर्घिकासमूहातल्या दीर्घिका इतक्या वेगानं फिरत असूनही समूह विखरून का जात नाही, हा प्रश्न फ्रिट्झ झ्विकी यांनी 1933 मध्ये विचारला आणि न दिसणाऱ्या पदार्थाची कल्पना मांडली. 1970 मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भागाचे वेग मोजले आणि प्रश्न आणखी टोकदार झाला. हा कृष्णपदार्थ म्हणजे जड, सुस्त, कुणाशी फारसा संबंध न ठेवणारे कण असतील, तर ते आपल्या आरपार सतत जात असणार. मग त्यातला एखादा कधीतरी एखाद्या अणुकेंद्रकावर आदळेल, आणि तो धक्का मोजता येईल. मार्क गुडमन आणि एडवर्ड विटन यांनी 1985 मध्ये हे गणित मांडलं. धक्का फारच हलका निघतो: काही किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ते काही दहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. यापुढे मी त्याला केइव्ही म्हणेन.

पण धक्का कृष्णपदार्थाचाच होता, आसपासच्या दगडातल्या युरेनियमचा नव्हता, हे ओळखायचं कसं? पुढच्याच वर्षी आंद्झेय द्रुकिएर, कॅथरीन फ्रीझ आणि डेव्हिड स्पर्गेल यांनी उपाय सुचवला. सूर्य आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे 230 किलोमीटर वेगानं फिरतो. तो सध्या हंस तारकासमूहाच्या दिशेनं चालला आहे, म्हणजे कृष्णपदार्थाचा वारा आपल्याला समोरून लागतो. पृथ्वी सूर्याभोवती 30 किलोमीटर वेगानं फिरते, पण तिची कक्षा तिरकी असल्यानं त्यातला निम्माच वेग सूर्याच्या वेगात मिळतो किंवा त्यातून वजा होतो. ज्येष्ठाच्या सुमारास, 2 जूनच्या आगेमागे, वारा सर्वांत जोरात. डिसेंबरात सर्वांत मंद. धक्क्यांची संख्याही वर्षभरात त्याच लयीत खालीवर व्हायला हवी. किरणोत्सारी दगडाला आकाशगंगेची दिशा कळत नाही.

हा सल्ला मनावर घेतला रोमच्या रीता बेर्नाबेई यांनी. इटलीतल्या ग्रान सासो पर्वताच्या पोटात, महामार्गाच्या बोगद्याला लागून, जवळपास 1400 मीटर खडकाखाली प्रयोगशाळा आहे. वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणाऱ्या म्युऑन कणांपैकी दहा लाखांत एखादाच तिथवर पोचतो. तिथे त्यांच्या गटानं, ज्याला सगळे ‘दामा’ म्हणतात, प्रत्येकी 9.7 किलोचे सोडियम आयोडाइडचे नऊ स्फटिक मांडले. 1995 पासून सात वर्षं त्यांनी मोजणी केली. मग 25 स्फटिकांचा, सुमारे 250 किलोंचा नवा संच आला आणि 2003 पासून त्याची मोजणी सुरू झाली.

दामाचे स्फटिक आजही जगातल्या सर्वांत शुद्ध स्फटिकांत गणले जातात. त्यांना कधी साधी हवा लागू दिली नाही, कारण हवेत रेडॉन असतो. तांब्याच्या पेटीत नायट्रोजनचा प्रवाह, पेटीभोवती शिसं, शिशाभोवती पॅराफिन. प्रत्येक स्फटिकाच्या दोन टोकांना एकेक नळी, आणि दोन्ही नळ्यांना एकाच वेळी चमक दिसली तरच ती खरी मानायची, नाहीतर तो नळीचाच गोंगाट.

तरी 2 केइव्हीच्या चमकेत नळीच्या हाती काय लागायचं? सुरुवातीच्या नळ्यांना एका केइव्हीमागे साडेपाच ते साडेसात प्रकाश-इलेक्ट्रॉन मिळत. म्हणजे उंबरठ्यावरची एक घटना डझनभर इलेक्ट्रॉनांवर ठरायची.

आता अंशांकन, म्हणजे हे डझनभर इलेक्ट्रॉन किती केइव्हीचे ते ठरवणं. यासाठी दामानं अमेरिशियम-241 चा स्रोत वापरला. तो 59.5 केइव्हीचे गॅमा किरण सोडतो. धुराची सूचना देणाऱ्या काही यंत्रांत हाच असतो. पण कृष्णपदार्थाची अपेक्षा 2 ते 6 केइव्हीत, आणि मोजपट्टीवरची खूण 59.5 वर. मधलं अंतर भरायला निसर्गानं एक देणगी दिली होती. स्फटिक कितीही शुद्ध केला तरी अब्जात दहा-वीस भाग पोटॅशियम उरतंच, आणि त्यात थोडं किरणोत्सारी पोटॅशियम-40 असतं. त्याच्या विघटनाच्या एका प्रकारात 3.2 केइव्हीची बारीक चमक त्याच स्फटिकात राहते आणि 1461 केइव्हीचा गॅमा किरण बाहेर पडतो. तो शेजारच्या स्फटिकात सापडला, की पहिल्या स्फटिकातली चमक नक्की 3.2 ची होती असं छातीठोकपणे सांगता येतं. जी अशुद्धी काढायला प्रयोगकर्ते जिवाचं रान करतात, तिचाच असा उपयोग करून घ्यायचा. मला या सगळ्या शास्त्रातली ही सर्वांत चतुर युक्ती वाटते.

दामाला लय दिसली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिची पहिली चाहूल त्यांनी जाहीर केली, 2000 मध्ये ठामपणे मांडली, 2008 मध्ये नव्या संचानं तिला दुजोरा दिला. 2 ते 6 केइव्ही दरम्यान रोज दर किलोमागे दर केइव्हीमागे एखादी घटना, आणि तिच्यात सुमारे एक टक्क्याचा वार्षिक चढउतार. शिखर मेच्या अखेरीस, भाकिताच्या अगदी जवळ. 2010 साली नळ्या बदलल्या, जास्त संवेदनशील आल्या, आणि उंबरठा 2 वरून 1 केइव्हीवर उतरला. 2018 च्या वसंतात जाहीर झालेल्या निकालात तीच लय 1 केइव्हीपर्यंत खाली दिसत होती. तोवरच्या सगळ्या वर्षांची एकत्रित खात्री 12.9 सिग्मा होती, पुढे ती 13.7 वर गेली. भौतिकशास्त्रात 5 सिग्माला शोध म्हणतात.

मग हा शोध का मानला गेला नाही? द्रवरूप झेनॉनच्या आणि जर्मेनियमच्या प्रयोगांनी त्याच जागी काहीच दिसत नसल्याचं सांगितलं. पण झेनॉन म्हणजे सोडियम नव्हे. कृष्णपदार्थ सोडियमशी जसा वागतो तसाच झेनॉनशी वागेल असं कुणी लिहून दिलं आहे? दामाचं हे उत्तर कायम राहिलं, आणि ते तर्काला धरून होतं. बाहेरच्यांनी कच्ची माहिती मागितली ती दामानं खुली केली नाही, हे मात्र तितकं तर्काला धरून नव्हतं.

गुंतागुंतीचा भाग आता येतो. अमेरिशियमचा गॅमा किरण स्फटिकात इलेक्ट्रॉनला धक्का देतो. कृष्णपदार्थाचा कण मात्र अणुकेंद्रकाला धक्का देईल. इलेक्ट्रॉन आणि सोडियमचं केंद्रक यांना तेवढीच ऊर्जा दिली, तरी केंद्रक कितीतरी कमी प्रकाश देतं. त्याची बरीचशी ऊर्जा स्फटिकाची जाळी हलवण्यात, उष्णतेत जाते. या घटीच्या प्रमाणाला क्वेंचिंग फॅक्टर म्हणतात. किराणा दुकानदार रिकाम्या तराजूचा पासंग काढतो तसा हा काढावाच लागतो, नाहीतर मोजमापच फुकट. 1996 मध्ये दामानं कॅलिफोर्नियम-252 चे न्यूट्रॉन स्फटिकावर सोडून तो काढला: सोडियमसाठी 0.30, आयोडीनसाठी 0.09. थोड्या आधी इंग्लंडमधल्या गटानं न्यूट्रॉनांच्या झोतानं काढलेले आकडेही जवळपास हेच होते. म्हणजे 2 केइव्हीची चमक सोडियमच्या केंद्रकाची असेल तर त्याला खरा धक्का 6.7 केइव्हीचा बसला. आयोडीनची असेल तर 22 चा.

पंधराएक वर्षं हे आकडे सगळ्यांनी वापरले. कुणाला त्यात काही खटकलं नाही.

त्या काळात इंग्लंडमध्ये वेगळंच नाट्य घडलं. यॉर्कशरमधल्या बुल्बी पोटॅश खाणीत, 1100 मीटर खोल, ब्रिटिश गट सोडियम आयोडाइडच्या चमकेचा आकार तपासत होता, कारण केंद्रकाची चमक इलेक्ट्रॉनच्या चमकेपेक्षा थोडी लवकर विझते. त्यांना विचित्र, फारच लवकर विझणाऱ्या घटना दिसल्या. काही काळ कुजबुज झाली. शेवटी संशय स्फटिकाच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या अल्फा किरणोत्सारावर गेला. पृष्ठभागाची निगा राखल्यावर त्या घटना आटोक्यात आल्या. त्याच खाणीतले दोन स्फटिक पुढे दूरच्या प्रवासाला गेले: डिसेंबर 2010 मध्ये दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फात जवळपास अडीच किलोमीटर खाली सोडलेल्या डीएम-आइस प्रयोगात. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, कृष्णपदार्थाचा वारा मात्र तिथेही जूनमध्येच वाढणार. मौसमी तापमानामुळे दामा फसत असेल तर इथे लय उलटी दिसायला हवी होती. दिसली नाही, सुलटीही दिसली नाही. पण मिळून 17 किलोंच्या दोन स्फटिकांकडून यापेक्षा जास्त मागणं अन्यायाचं होतं.

दामाला खरं आव्हान द्यायचं तर तोच पदार्थ, तेवढाच मोठा, तितकाच शुद्ध स्फटिक हवा होता. असे स्फटिक बाजारात मिळत नाहीत. दक्षिण कोरियाच्या गटानं आधी सीझियम आयोडाइडचे 12 स्फटिक यांगयांगच्या जलविद्युत केंद्राच्या भूगर्भात ठेवून आयोडीनपुरती दामाची बाजू तपासली आणि तिथे काही सापडत नसल्याचं सांगितलं. मग ते सोडियम आयोडाइडकडे वळले. स्पेनमध्ये सारागोसा विद्यापीठाच्या मारिया लुईसा सार्सा यांचा गटही याच मागे होता. अमेरिकेत कोलोराडोतल्या अल्फा स्पेक्ट्रा कंपनीबरोबर शुद्ध पूड, शुद्ध भट्टी, स्वच्छ हाताळणी असे वर्षानुवर्षं प्रयत्न झाले. सप्टेंबर 2016 मध्ये यांगयांगमध्ये 700 मीटर खोल, एकूण 106 किलोंचे आठ स्फटिक घेऊन कोसाइन-100 सुरू झाला. ऑगस्ट 2017 मध्ये पिरनीज पर्वतात, जुन्या सोम्पोर रेल्वे बोगद्याशेजारच्या कान्फ्रांक प्रयोगशाळेत प्रत्येकी 12.5 किलोंचे नऊ स्फटिक घेऊन आनाइस-112 सुरू झाला. त्याच्याभोवती दहा सेंटिमीटर पुरातन शिसं आहे. शतकानुशतकं पडून राहिल्यानं त्यातला किरणोत्सारी शिशाचा अंश कधीच संपून गेला आहे. कृष्णपदार्थ शोधणाऱ्यांना जुनं शिसं सोन्याइतकं मोलाचं असतं.

आनाइसची अंशांकनाची पद्धत मला विशेष आवडते. प्रत्येक स्फटिकाच्या आवरणाला मायलारची पातळ खिडकी ठेवली आहे. दर दोन आठवड्यांनी लवचिक तारेवर बसवलेले कॅडमियम-109 चे स्रोत शिशाच्या भिंतीतून आत सरकवतात, सगळ्या स्फटिकांसमोर एकदम. त्यातून 22.6 आणि 88 केइव्हीच्या खुणा मिळतात, आणि एक अनपेक्षित तिसरी, 11.9 केइव्हीची. ती कॅडमियमची नाही. स्रोतावर तापवून चिकटवलेल्या प्लास्टिकच्या नळीत ब्रोमीन असतं, त्याचे क्ष-किरण ते. आणखी खालच्या टोकाला पोटॅशियमची 3.2 ची खूण, आणि सोडियम-22 ची त्याहूनही खालची, 0.87 केइव्हीची. सोडियम-22 स्फटिक जमिनीवर असताना वैश्विक किरणांनी त्यात तयार झालेला असतो, आणि खाली नेल्यावर हळूहळू कमी होत जातो. या खुणांमुळे 1 केइव्हीपर्यंतची मोजपट्टी विश्वासार्ह झाली. शिवाय आनाइसच्या स्फटिकांतून एका केइव्हीमागे सुमारे 15 प्रकाश-इलेक्ट्रॉन मिळतात, दामाच्या सुरुवातीच्या संचापेक्षा दुप्पट. पार्श्वभूमीचा गोंगाट मात्र दामाहून जास्त. प्रत्येक गटाकडे काही तरी चांगलं, काही तरी उणं.

याच सुमारास पासंगाचा प्रश्न पुन्हा निघाला. 2013 मध्ये हुआन कोयार यांनी नव्या मापनात दाखवलं की सोडियमचा क्वेंचिंग फॅक्टर 0.30 नाही, त्याहून बराच कमी आहे, आणि कमी ऊर्जेला आणखी कमी होतो. 2015 मध्ये प्रिन्स्टनच्या गटानं, नंतर कोरियन आणि ऑस्ट्रेलियन गटांनीही तेच सांगितलं, मात्र प्रत्येकाचा आकडा वेगळा.

मापन असं होतं: प्रोटॉनचा झोत लिथियमच्या पातळ पत्र्यावर मारायचा, म्हणजे जवळपास एकाच ऊर्जेचे न्यूट्रॉन निघतात. ते छोट्या स्फटिकावर आदळून कोणत्या कोनात वळले हे भोवती ठेवलेल्या दुसऱ्या शोधकांनी टिपायचं. कोन माहीत झाला की केंद्रकाला किती धक्का बसला हे बिलियर्डच्या गणितानं कळतं. मग स्फटिकातली चमक मोजायची आणि भागाकार करायचा. पण चमक मोजताना पुन्हा तीच इलेक्ट्रॉनची मोजपट्टी लागते. आणि ती मोजपट्टी सरळ नाही.

‘साधारण प्रमाणात’ असं मी वर म्हटलं, ते यासाठी. सोडियम आयोडाइड दर केइव्हीमागे सगळीकडे सारखा प्रकाश देत नाही. कमी ऊर्जेला जास्त देतो, आणि आयोडीनच्या 33 केइव्हीच्या टप्प्यावर त्याचं वागणं मध्येच बदलतं. हे 1950 च्या दशकापासून माहीत होतं. तरी एखाद्या प्रयोगानं 59.5 वर एक खूण करून सरळ रेषा शून्यापर्यंत ओढली, दुसऱ्यानं दुसरीकडे खूण केली, की दोघांचा भागाकार वेगळा येणार. केंद्रकाचा प्रकाश दोघांना तितकाच दिसत असला तरी. 2024 मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या परिसरातल्या अणुभौतिकी प्रयोगशाळेत झालेल्या मापनाचा निकाल प्रसिद्ध झाला. सारख्या पद्धतीनं वाढवलेले पाच छोटे स्फटिक एकाच मांडणीत तपासले होते. पाचांचेही आकडे एकमेकांशी जुळले, सोडियम आणि आयोडीन दोन्हींचे आकडे दामाहून कमी निघाले, आणि सगळ्यात मोठी अनिश्चितता आली ती याच वाकड्या मोजपट्टीमुळे. आधीच्या मापनांतली भांडणंही बहुधा याचीच असावीत, असं त्या गटानं नोंदवलं.

याचा दामाच्या निकालाशी संबंध असा. दामाचं म्हणणं राहिलं की क्वेंचिंग प्रत्येक स्फटिकाचं वेगळं असतं, थॅलियमचं प्रमाण, वाढवण्याची पद्धत, शुद्धता यांवर ते ठरतं. म्हणून इतरांचे आकडे आमच्या स्फटिकांना लावू नका. हे खरं मानलं, तर कोसाइन आणि आनाइसनं दामाच्याच 2 ते 6 केइव्हीत पाहून ‘काही नाही’ म्हणणं पुरेसं नाही. सोडियमला 6.7 ते 20 केइव्हीचा धक्का दामाच्या स्फटिकात 2 ते 6 ची चमक देत असेल, पण क्वेंचिंग 0.20 असलेल्या स्फटिकात तोच धक्का 1.3 ते 4 ची चमक देईल. म्हणजे दोन प्रयोग एकाच आकड्यात बोलत असले तरी वेगवेगळ्या गोष्टी पाहत असतील. दामाची ही वाट बरीच वर्षं मोकळी होती, आणि ती बंद करायला नुसता मोठा स्फटिक पुरणार नव्हता. पासंग काढणं भाग होतं.

ती वाट बंद झाली ती अलीकडे. कोसाइननं मार्च 2023 मध्ये मोजणी थांबवली, आणि सहा वर्षांहून अधिक काळाची माहिती दोन्ही मोजपट्ट्यांवर तपासली: इलेक्ट्रॉनच्या 1 ते 6 केइव्हीत, आणि केंद्रकाच्या 6.67 ते 20 केइव्हीत. दोन्हीकडे लय शून्याच्या जवळ, आणि दामाची लय तीन सिग्माहून जास्त फरकानं नाकारलेली. आनाइसच्या सहा वर्षांच्या माहितीनं 1 ते 6 केइव्हीत 4 सिग्मानं तेच सांगितलं. दोघांनी आपली माहिती एकत्र केली तेव्हा 2025 मध्ये आकडा 4.7 सिग्मावर गेला. आनाइसनं तर आपली गाळणीसुद्धा, खऱ्या चमका आणि नळीचा गोंगाट वेगळा करणारा संगणकीय निकष, कॅलिफोर्नियमच्या न्यूट्रॉनांवर शिकवून घेतली होती.

एक काम कोसाइननं जरा खोडकरपणे केलं. दामा दर वर्षाची सरासरी त्या वर्षाच्या मोजणीतून वजा करतं आणि उरलेलं पाहतं. स्फटिकातला किरणोत्सार हळूहळू कमी किंवा जास्त होत असेल, तर या वजाबाकीनं करवतीच्या दात्यांसारखी खोटी लय उभी राहू शकते, असा आक्षेप इतरांनी घेतला होता. कोसाइननं दामाची हीच पद्धत आपल्या माहितीला लावली. खरोखरच वार्षिक लय उमटली, आणि तीही ठळक. फक्त शिखर उलट्या बाजूला. कोसाइनचे स्फटिक नवे असल्यानं त्यांचा किरणोत्सार घटत होता. दामाची लय अशीच निघायची, तर तिथे पार्श्वभूमी वर्षागणिक वाढत असायला हवी, आणि ती का वाढावी याचं पटणारं कारण कुणी दिलेलं नाही. माझ्या मते दामाची लय खरी आहे, म्हणजे त्यांच्या स्फटिकांत खरंच काही तरी वर्षातून एकदा वाढतं. पण ते आकाशगंगेतून येत नाही. ते काय आहे, हे शोधायचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे दामाची कच्ची माहिती, आणि ती अजून त्यांच्याच कपाटात आहे.

ग्रान सासोमध्येच, दामाच्या शेजारी, जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या कारोलिने शेफनर यांच्या पुढाकारानं कोसिनस नावाचा प्रयोग 2024 मध्ये उभा राहिला. तिथेही सोडियम आयोडाइडच आहे, पण तो केल्व्हिनच्या काही हजारांश अंशांइतका थंड केलेला. या थंडीत कणानं दिलेली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता म्हणून मोजता येते, केंद्रकाचा धक्का असो की इलेक्ट्रॉनचा. प्रकाश वेगळा मोजायचा, आणि दोघांच्या गुणोत्तरावरून प्रत्येक घटना कुणाची हे ओळखायचं. क्वेंचिंग फॅक्टर आता बाहेरून आणून लावायचा नाही. तो त्याच स्फटिकात, त्याच वेळी दिसतो. अडचण एकच होती: ओलावा शोषणाऱ्या या मऊ क्षारावर तापमापकाची नाजूक पातळ पट्टी थेट बसवता येत नाही. म्हणून स्फटिकावर सोन्याची छोटी चकती चिकटवली, तिच्यापासून सोन्याची बारीक तार काढली, आणि तापमापक शेजारच्या वेगळ्या चकतीवर बसवला. कोसिनसचे स्फटिक काही दहा ग्रॅमचे आहेत.